छातीतली गाठ आणि एमआरआय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्तनाच्या एमआरआयसाठी आलेल्या बायका, त्यांच्याबरोबरचे नवरे, बहिणी, मुली जे विचारतात, त्यातलेच हे प्रश्न. बहुतेकांची मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी आधीच झालेली असते, काहींचा तुकडाही तपासून झालेला असतो. उत्तरं रेडिओलॉजिस्टनं लिहिली आहेत. त्यामुळे मशीनबद्दलची माया आणि त्याच्या मर्यादांचा वैताग, दोन्ही त्यात सापडेल.

एमआरआयमध्ये सगळं दिसतं म्हणतात. मग सुई टोचून तुकडा कशाला काढायचा?

सगळं दिसत नाही. गाठ कशी वागते ते एमआरआयमध्ये दिसतं. ती किती रक्त ओढते, आत पेशींची किती दाटी आहे, कडा कुठवर पोचल्या आहेत, शेजारी आणखी एखादी आहे का, हे कळतं. पण त्या पेशी कॅन्सरच्या आहेत का, असतील तर कोणत्या जातीच्या, त्यांच्यावर ईआर, पीआर (हार्मोन पकडणारी प्रथिनं) आणि हर-टू (पेशींना वाढायला लावणारं प्रथिन) यांपैकी काय आहे, हे पॅथॉलॉजिस्टच सांगू शकतो, आणि त्याला तुकडा लागतो. गोळ्या द्यायच्या, केमो द्यायची की हर-टूवरचं इंजेक्शन, हा सगळा निर्णय त्या तुकड्यावर उभा असतो. नुसत्या एमआरआयवर कोणी केमो सुरू करत असेल तर तिथून उठून दुसरं मत घ्या.

पण सुई लावली की कॅन्सर पसरतो ना?

नाही. सुईच्या वाटेत चार-दोन पेशी सरकल्याचं सूक्ष्मदर्शकाखाली कधीकधी दिसतं, पण त्यामुळे आजार फैलावतो किंवा आयुष्य कमी होतं असा पुरावा नाही. ही भीती कुठून आली असावी त्याचा अंदाज बांधता येतो. पूर्वी गाठ बरीच वाढल्यावर लोक यायचे, तेव्हा सुई लागायची आणि पुढच्या काही महिन्यांत तब्येत ढासळायची. दोष सुईच्या माथी बसला. खरं नुकसान 'आधी काढा पिऊन बघू' म्हणत घालवलेल्या महिन्यांनी होतं.

मग एमआरआय नेमकं बघतं काय?

मुख्यतः रक्तपुरवठा. गाठ एक-दोन मिलिमीटरच्या पलीकडे वाढायची तर तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या लागतात. ज्युडा फोकमन या अमेरिकन सर्जननं १९७१ साली ही कल्पना मांडली, तेव्हा फार थोड्यांना पटली होती. आज स्तनाचा एमआरआय तिच्यावरच उभा आहे. कॅन्सर घाईघाईनं रक्तवाहिन्या उभारतो. त्या वेड्यावाकड्या असतात, त्यांच्या भिंती गळक्या असतात. शिरेतून गॅडोलिनियमचं औषध दिलं (लोक त्याला 'रंग' म्हणतात, प्रत्यक्षात ते पाण्यासारखं स्वच्छ असतं) की ते या गळक्या भिंतींतून बाहेर झिरपतं आणि ती जागा चित्रात उजळते.

औषधाआधी एकदा आणि औषधानंतर पाच-सात मिनिटं पुन्हा पुन्हा, त्याच जागेची चित्रं घेतली जातात. मग नंतरच्या चित्रातून आधीचं वजा करायचं. उरतं ते फक्त उजळलेलं. आत पडून न हलण्याचा एवढा आग्रह असतो तो यासाठीच. दोन चित्रांच्या मध्ये तुम्ही खांदा हलवला की वजाबाकी चुकते आणि जिथे काही नाही तिथे चमक दिसते.

शेतातली माणसं हे पटकन समजतात. काळ्या जमिनीत पाणी हळूहळू मुरतं आणि मग मुरतच राहतं. मुरमाड उतारावर ते झपाट्यानं शिरतं आणि तितक्याच झपाट्यानं निघून जातं. फायब्रोअॅडिनोमासारखी साधी गाठ बहुतेकदा काळ्या जमिनीसारखी, कॅन्सर बऱ्याचदा मुरमाड उतारासारखा. रिपोर्टात 'कर्व्ह' म्हणून लिहितात तो याच भरण्या-ओसरण्याचा आलेख. तो चढतच राहिला तर पहिला प्रकार, चढून सपाट झाला तर दुसरा, चढून उतरला तर तिसरा. हा तिसरा म्हणजे 'वॉशआउट'.

माझ्या रिपोर्टात 'टाइप थ्री कर्व्ह, वॉशआउट' लिहिलंय. म्हणजे कॅन्सरच का?

तेवढ्यावरून नाही. जर्मन रेडिओलॉजिस्ट क्रिस्टियाने कूल यांनी १९९९ साली २६६ गाठींचे आलेख तपासले. कॅन्सर निघालेल्यांपैकी सुमारे ५७ टक्क्यांत तिसरा प्रकार होता, ३४ टक्क्यांत दुसरा आणि ९ टक्क्यांत पहिला. साध्या गाठींपैकी ८३ टक्क्यांत पहिला, पण ५-६ टक्क्यांत तिसरासुद्धा. म्हणजे वॉशआउट दिसला की आम्ही खुर्चीत सरळ बसतो, पण निकाल देत नाही. उलटही खरं आहे. आलेख निरागस असला आणि कडा वाईट असल्या तर कडांवर विश्वास ठेवायचा. हा नियम मी शिकाऊ डॉक्टरांना सांगून सांगून थकलो आहे, कारण आलेख संगणक काढून देतो आणि कडा मात्र डोळ्यांनी बघाव्या लागतात.

कडांवरून काय कळतं?

बरंच. साध्या गाठीची कड गुळगुळीत, आकार अंड्यासारखा, आत कधी न उजळणाऱ्या काळ्या रेघा. कॅन्सरची कड अनेकदा काटेरी असते, 'स्पिक्युलेटेड'. मधल्या गोळ्यातून चहूकडे पाय फुटलेले. कर्करोगातला कर्क म्हणजे खेकडा, आणि ग्रीक वैद्यांनीही या रोगाला खेकड्याचंच नाव दिलं होतं. एमआरआयच्या पडद्यावर अशी गाठ पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्या नावाचा अर्थ मला कळला.

कडेलाच उजळलेलं कडं आणि मध्ये अंधार, याला 'रिम एनहान्समेंट' म्हणतात. बाहेरच्या पेशींना रक्त मिळतंय, मधल्या उपाशी मरताहेत, असं त्याचं चित्र. हे चांगलं लक्षण नाही. मात्र स्तनातलं गळू किंवा सूज आलेली पाण्याची गाठसुद्धा असंच कडं दाखवते. ताप आहे का, बाळाला पाजते का, हे म्हणूनच विचारतात.

काही वेळा गोळा नसतोच. दुधाच्या नळ्यांच्या वाटेनं पसरलेली नुसती ठिपक्यांची चमक दिसते. तिला 'नॉन-मास एनहान्समेंट' म्हणतात. नळ्यांपुरता मर्यादित असलेला सुरुवातीचा कॅन्सर असा दिसू शकतो. तो मॅमोग्राफीत चुन्याच्या बारीक कणांवरून ओळखू येतो, आणि ते कण एमआरआयमध्ये दिसत नाहीत. 'एमआरआय केला, मग मॅमोग्राफी कशाला' याचं उत्तर हेच.

'रिस्ट्रिक्टेड डिफ्युजन' म्हणजे काय भानगड आहे?

पाण्याचे रेणू सतत इकडेतिकडे हिंडत असतात. ते किती मोकळेपणानं हिंडतात हे एमआरआय कुठलंही इंजेक्शन न देता मोजू शकतो. दुपारच्या रिकाम्या लोकलमध्ये तुम्ही डबाभर फिराल. संध्याकाळी सहाच्या विरार गाडीत पाय हलवता येणार नाही. कॅन्सरमध्ये पेशींची अशीच खेचाखेच असते, पाण्याला हलायला जागा नसते. हे मोजमाप 'एडीसी' या आकड्यात लिहितात. आकडा जितका लहान तितकी दाटी जास्त. कॅन्सरमध्ये तो बऱ्याचदा १ च्या आसपास, साध्या गाठीत अनेकदा दीडच्या वर.

अमेरिकेतल्या अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या एका अभ्यासात एमआरआयवर संशयास्पद वाटलेल्या गाठींचा एडीसी मोजला. १.५३ ही रेषा धरली असती तर एकही कॅन्सर न सुटता सुमारे २१ टक्के बायोप्सी टळल्या असत्या. हे मोठं आहे. पण रोजच्या कामात या आकड्याला मी अजून वकिलाइतकंच महत्त्व देतो, न्यायाधीशाइतकं नाही. मशीन बदललं की आकडा थोडा सरकतो. शिवाय म्युसिनस नावाचा चिकट द्रवानं भरलेला एक कॅन्सर आहे, त्यात पाणी मोकळं हिंडतं आणि एडीसी मोठा येतो.

एमआरआयवरून हर-टू किंवा ट्रिपल निगेटिव्ह कळतं का?

अंदाज येतो, खात्री होत नाही. हार्मोनवर वाढणारी गाठ अनेकदा काटेरी कडांची असते. हर-टूवाली झटकन उजळते, तिच्या जोडीला एकापेक्षा जास्त गाठी असण्याची शक्यता अधिक. ट्रिपल निगेटिव्ह (ईआर, पीआर, हर-टू तिन्ही नसलेली) मात्र फसवी. ती गोल, गुळगुळीत, 'चांगल्या घरची' दिसते. सोनोग्राफीत पुष्कळदा साधी गाठ समजून सोडली जाते. एमआरआयवर कडेचं ते कडं आणि आत मेलेल्या भागाचं पाणी दिसलं की तिचं सोंग उघडं पडतं. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत भारतात ट्रिपल निगेटिव्हचं प्रमाण जास्त आहे आणि तरुण वयात निदान होणाऱ्यांचा वाटाही मोठा आहे. पस्तिशीतल्या बाईची 'गुळगुळीत' गाठ महिन्याभरात वाढली असेल तर गुळगुळीतपणावर जाऊ नका.

एमआरआयवर रासायनिक तपासणीही होते असं वाचलं.

होते. तिला स्पेक्ट्रोस्कोपी म्हणतात. भराभर वाढणाऱ्या पेशींच्या आवरणात कोलीन या रसायनाची उलाढाल जास्त असते, ते मोजायचं. कल्पना सुंदर आहे, पण लहान गाठीत जमत नाही आणि वेळ खातं. बहुतेक ठिकाणी संशोधनापुरतंच उरलं आहे.

'बाय-रॅड्स ४' लिहिलंय. चौथी स्टेज का?

नाही, नाही! हा गैरसमज रोज एखाद्या घरात रडारड घडवतो. स्टेज वेगळी, बाय-रॅड्स वेगळं. अमेरिकेच्या रेडिओलॉजी कॉलेजनं रिपोर्टाच्या भाषेला लावलेली ही शिस्त आहे. १ आणि २ म्हणजे काळजी नाही. ३ म्हणजे कॅन्सरची शक्यता २ टक्क्यांहून जास्त नाही, थोड्या महिन्यांनी पुन्हा बघू. ४ म्हणजे तुकडा काढा. यात शक्यता २ पासून ९५ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकते, इतका हा डबा मोठा आहे. ५ म्हणजे ९५ टक्के किंवा अधिक. ६ म्हणजे तुकड्यात कॅन्सर आधीच सिद्ध झालाय. ० म्हणजे माहिती अपुरी, आणखी तपासण्या हव्यात.

बाय-रॅड्स ४ मिळालेल्या बऱ्याच जणींच्या तुकड्यात काही निघत नाही. एकूणच एमआरआय कॅन्सर सहसा सुटू देत नाही, पण निष्पापांवरही संशय घेतं. २००८ साली ४४ अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा १०० कॅन्सरपैकी सुमारे ९० त्यानं पकडले होते, आणि १०० साध्या गाठींपैकी जेमतेम ७२ ना 'साधी' म्हटलं होतं. उरलेल्या २८ जणींनी विनाकारण धास्ती सोसली.

ऑपरेशनआधी केमो चालू आहे. परत परत एमआरआय का सांगतात?

माझ्या मते एमआरआयचा सगळ्यात मोलाचा उपयोग हाच. एरवी गाठ काढून टाकली की केमो तिच्यावर चालली असती की नाही हे कधीच कळत नाही. आधी केमो दिली तर गाठच साक्ष देते. हातानं चाचपून अंदाज घेतात, पण केमोनंतर उरलेला व्रण हाताला गाठीसारखाच लागतो, आणि मऊ झालेली गाठ कधी लागतच नाही. अमेरिकेतल्या 'आय-स्पाय' या अभ्यासमालेत नोला हिल्टन आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली दाखवलं की केमोचा परिणाम हातानं तपासण्यापेक्षा एमआरआयवर मोजलेल्या गाठीच्या घनफळावरून जास्त चांगला ओळखता येतो, आणि हा फरक पहिल्या फेरीनंतरच सगळ्यात ठळक असतो. लांबी नव्हे, घनफळ. चाळणीसारखी झालेली गाठ पट्टीनं मोजली तर पूर्वीइतकीच लांब भरते, आतून मात्र अर्धी रिकामी असते.

गाठ दोन तऱ्हांनी कमी होते. एक, साबणाच्या वडीसारखी सगळीकडून झिजत. दुसरी, तुटून बारीक बेटं मागे ठेवत. पहिलीत स्तन वाचवणं सोपं. दुसरीत सर्जनला जुन्या आकाराइतका भाग काढावा लागू शकतो.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. केमो सुरू होण्यापूर्वी गाठीत धातूची बारीक खूण बसवली आहे का ते विचारा. गाठ पूर्ण विरघळली तर सर्जनला जागा सापडायला तीच एक उरते. आणि 'एमआरआयमध्ये आता काही दिसत नाही' म्हणजे ऑपरेशन टळलं असं नव्हे. केमोनं रक्तवाहिन्याही आटतात, त्यामुळे मागे राहिलेल्या तुरळक पेशी उजळत नाहीत.

ऑपरेशन ठरलंय. सगळ्यांनीच आधी एमआरआय करावा का?

करावाच असं नाही. ब्रिटनमध्ये १६२३ बायकांवर झालेल्या 'कॉमिस' चाचणीत (२०१०) अर्ध्या जणींना ऑपरेशनआधी एमआरआय केला, अर्ध्या जणींना नाही. दुसऱ्यांदा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण दोन्हीकडे १९ टक्के. उलट एमआरआयमध्ये जास्तीचं काहीतरी दिसलं म्हणून कोणाचा अख्खा स्तन काढला जाण्याची भीती असते. तसं दिसलंच तर आधी त्या जागेचा तुकडा तपासून मागा.

लोब्युलर जातीचा कॅन्सर असेल तर मी आग्रहानं करायला सांगेन. तो गोळा न बनवता रांगांनी पसरतो आणि मॅमोग्राफीला चकवतो. काखेत गाठ आहे पण स्तनात काही सापडत नाही, तेव्हाही करावा. मॅमोग्राफी, सोनोग्राफी आणि हाताची तपासणी तीन वेगळे आकार सांगत असतील तरीही.

मला काही त्रास नाही. दरवर्षी करून ठेवू का?

बीआरसीए जनुकात दोष असेल, किंवा घरातल्या इतिहासामुळे आयुष्यभराचा धोका २० टक्क्यांच्या वर असेल, तर हो, मॅमोग्राफीच्या जोडीनं दरवर्षी. फार दाट स्तन असलेल्यांसाठी नेदरलँड्समधल्या 'डेन्स' चाचणीनं (२०१९) मोठी आशा दाखवली. दोन तपासण्यांच्या मध्येच उद्भवणारे कॅन्सर हजारी ५ होते, एमआरआय देऊ केलेल्या गटात ते २.५ वर आले.

बाकीच्यांनी आधी साधी गोष्ट करावी. टाटा मेमोरियलनं मुंबईच्या वस्त्यांमध्ये दीड लाखाहून जास्त बायकांवर २० वर्षं चाचणी चालवली. प्रशिक्षित कार्यकर्तीनं दर दोन वर्षांनी फक्त हातानं तपासायचं, एवढंच. २०२१ साली निकाल आला : सगळ्या वयांचा एकत्र हिशोब केला तर मृत्यूंतली घट ठाम म्हणण्याइतकी नव्हती, पण पन्नाशीपुढच्या बायकांत ती ३० टक्क्यांच्या जवळ होती. ना चुंबक, ना इंजेक्शन.

तारीख देताना पाळी कधी आली ते का विचारतात?

पाळीच्या शेवटच्या आठवड्यात निरोगी स्तनही हार्मोनमुळे जागोजाग उजळतो आणि खरी गाठ त्या रोषणाईत हरवते. म्हणून ७ व्या ते १४ व्या दिवसातली तारीख देतात. कॅन्सर सिद्ध झालेला असेल तर मात्र पाळीसाठी थांबू नका.

इंजेक्शन सुरक्षित आहे का? एमआरआय 'बिनत्रासाचं' म्हणतात.

कापाकापी नाही, क्ष-किरण नाहीत, पण शिरेत सुई आहे. किडनी फार कमजोर असेल तर काही जुन्या गॅडोलिनियम औषधांनी त्वचा आणि सांधे आवळणारा गंभीर आजार होऊ शकतो, म्हणून क्रिएटिनिन (किडनीचं काम सांगणारी रक्ततपासणी) बघतात. आताची वलयाकार रचनेची औषधं त्या बाबतीत बरीच निर्धोक आहेत. गॅडोलिनियमचा अंश शरीरात काही काळ राहतो. त्यानं त्रास होतो असं सिद्ध झालेलं नाही, पण उगाच घेऊ नये एवढं त्यावरून ठरवता येतं. गरोदरपणी टाळतात. अंगावर पाजणाऱ्या आईच्या दुधात ते नगण्य उतरतं, पाजणं थांबवायची गरज नाही.

आत काय होतं? मला बंद जागेची भीती वाटते.

पालथं झोपवतात, स्तन खाली दोन खोबणींत सैल सोडतात. तोंड खाली असल्यानं बोगद्याचं छत दिसत नाही, अनेकींना त्यामुळे बरं वाटतं. अर्धा-पाऊण तास लागतो, ठकठक आवाज मोठा असतो, कानात बोळे देतात. हातात दाबायचा फुगा असतो, दाबला की थांबवतात.

मंगळसूत्र, जोडवी, नथ, केसातल्या पिना, सगळं बाहेर. जोडवी निघत नसली तर आधी सांगा, लपवू नका. दीड टेस्लाचं चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३० हजार पट असतं आणि ते चोवीस तास चालू असतं, मशीन 'बंद' दिसत असलं तरी. २०१८ साली मुंबईत ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत शिरलेला नातेवाईक मशीनकडे खेचला जाऊन दगावला. पेसमेकर असेल, किंवा स्तन पुन्हा उभारण्यासाठी चुंबकाच्या तोंडाची पिशवी बसवली असेल, तर ते तारीख घेतानाच सांगा. सिलिकॉनचं इम्प्लांट चालतं.

एआय आता तुकड्याशिवायच निदान करेल का?

गाठीचा पोत शेकडो आकड्यांत मांडून तिची जात ओळखायचे प्रयत्न जगभर चालू आहेत. एका रुग्णालयात छान चालतं, दुसऱ्या मशीनवर नेलं की अडखळतं. गाठीची सीमा आखून घनफळ मोजण्याच्या हमालीत मात्र संगणक माझ्यापेक्षा चांगला आहे, आणि ते काम मी त्याला आनंदानं देतो.

रिपोर्ट घ्यायला येताना काय मागून घ्यावं?

फिल्मवर समाधान मानू नका, सीडी किंवा पेनड्राइव्ह मागा. फिल्मवर निवडक चित्रं असतात, सीडीवर शेकडो, आणि आलेख पुन्हा काढता येतो. केमोच्या मधला एमआरआय शक्यतो त्याच मशीनवर करा, आणि पहिली सीडी बरोबर न्या. तुकड्याचा रिपोर्टही न्या. एमआरआयवर गाठ वाईट दिसते आणि तुकड्यात काही निघालं नाही, असं झालं तर 'चला, सुटलो' म्हणून घरी जाऊ नका. सुई योग्य जागी लागली होती का हे रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्टला एकत्र बसून बघायला सांगा. लागली नसेल तर तुकडा पुन्हा काढावा लागतो.